रकाना लिंगाचा, हिशेब हुद्द्याचा

कोविडच्या साथीत आरोग्यसेवेतल्या माणसांच्या मनाचं काय झालं, यावर २०२० पासून ढीगभर लिहून झालं आहे. त्यातला एक निष्कर्ष आता इतका रुळला आहे की त्याच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. स्त्री-कर्मचाऱ्यांना पुरुषांपेक्षा जास्त चिंता, जास्त नैराश्य, जास्त निद्रानाश झाला. इथपर्यंत आकडे बोलतात. पण त्यांच्या पाठोपाठ आणखी एक वाक्य येतं, कधी उघडपणे, कधी गृहीत धरून: बायकांचं मन मुळात हळवं, संकट आलं की ते आधी खचतं. परिषदांतल्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत, ड्युटी लावणाऱ्या वरिष्ठांच्या बोलण्यात हे दुसरं वाक्य पहिल्याच्या आधारानं उभं असतं. पहिलं मला मान्य आहे. दुसरं चूक आहे आणि त्यानं नुकसान केलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

हा वाद झाशी समोर ठेवून घालायचा आहे, आणि त्याला कारण आहे. मराठी वाचकाला झाशी म्हटलं की नेवाळकरांची गादी, राणी आणि १८५७ एवढंच आठवतं. पण मे २०२० मध्ये महाराष्ट्राचा आणि झाशीचा फार जवळून संबंध आला. मुंबई, पुणे, नाशिक सोडून निघालेले मजूर मध्य प्रदेश ओलांडून उत्तर प्रदेशात शिरत होते ते झाशीजवळच्या रक्सा नाक्यावरून. १६ मे रोजी औरैयाजवळच्या अपघातात दोन डझन मजुरांचा जीव गेला, तेव्हा राज्य सरकारनं पायी आणि ट्रकमधून येणाऱ्यांना सीमेवरच थांबवायला सांगितलं आणि रक्साला गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. आपल्या शहरांनी ज्यांना वाऱ्यावर सोडलं, ते गावी पोचल्यावर त्यांची नावं लिहायला, ताप-खोकला विचारायला, ठरलेले दिवस घरात राहतात की नाही ते बघायला तिकडे जी फौज उभी होती, ती बायकांची होती. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंच नंतर सांगितलं की उत्तर प्रदेशातल्या १ लाख ६० हजार आशा स्वयंसेविकांनी ३० लाखांहून जास्त परतलेल्या मजुरांचा माग ठेवला. या बायकांचं मन हळवं होतं का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडूनही देणं लागतं.

आधी पूर्वपक्ष. तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. लुळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही हशील नाही. वुहानची साथ ऐन भरात असताना, २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२० या दिवसांत, चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. ती मार्चमध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात आली आणि पुढे असंख्य अभ्यासांनी तिचा हवाला दिला. निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं, ४४.६ टक्क्यांत चिंतेची, ३४ टक्क्यांत निद्रानाशाची. हुद्दा आणि कामाचं ठिकाण यांचा प्रभाव गणितानं बाजूला काढल्यावरही तीव्र लक्षणं स्त्रियांत जास्त उरली. त्याच वर्षी १३ अभ्यास आणि ३३,०६२ माणसं एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. चिंता स्त्रियांत सुमारे २९ टक्के, पुरुषांत २१. नैराश्य स्त्रियांत सुमारे २७, पुरुषांत २०. याला जोड म्हणून पूर्वपक्ष शरीरशास्त्र आणतो. जगात कुठेही गेलं तरी नैराश्य स्त्रियांत जास्त आढळतं, वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या वर्षांत ही तफावत विशेष असते, संप्रेरकांचा त्यात वाटा आहे. मग दवाखान्यातल्या स्त्रियाच तेवढ्या वेगळ्या कशा असतील? हा युक्तिवाद अडाण्यांचा नाही. तो करणाऱ्यांत अनुभवी स्त्री-डॉक्टरही आहेत आणि स्त्रियांना मदत लवकर मिळावी हाच त्यांतल्या पुष्कळांचा हेतू आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

त्यासाठी झाशी जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा खालून वर चढत बघू. तळाशी आशा. नियमानुसार ती गावातली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीच असावी लागते, वय साधारण २५ ते ४५. उत्तर प्रदेशात तिला ‘आशा बहू’ म्हणतात. तिच्या वर उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, तीही स्त्रीच. अंगणवाडीच्या कार्यकर्तीला साथीत सर्वेक्षणाला जुंपलं, तीही स्त्री. रुग्णालयात आलं की स्टाफ नर्स बहुतेक स्त्रिया, आया स्त्रिया. वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातला माणूस हे पुरुष. डॉक्टर मिश्र, आणि विभागप्रमुख, प्राचार्य, मुख्य चिकित्साधिकारी अशा खुर्च्यांकडे जावं तसतशा स्त्रिया विरळ. ही रचना एकट्या झाशीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये जगाचा हिशेब दिला होता: आरोग्यसेवेत ७० टक्के स्त्रिया, नेतृत्वाच्या जागांवर २५ टक्के.

अशा यंत्रणेत फॉर्मवरचा स्त्री-पुरुष हा रकाना भरला की त्याबरोबर हुद्दा भरला जातो, पगार भरला जातो, रुग्णाच्या खाटेपासूनचं अंतर भरलं जातं. डॉक्टर राउंडला येतो आणि पुढच्या वॉर्डात जातो. सलाइन बदलणं, ऑक्सिजनचा मास्क सारखा करणं, पालथं झोपवणं, बेडपॅन देणं, बाहेर ताटकळलेल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून आई दाखवणं, आणि तीच आई गेली की तिचा देह गुंडाळायला हात लावणं हे परिचारिकेकडे आणि वॉर्डबॉयकडे असतं. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि रुग्णालय बंद करावं लागलं. खाटेजवळ कोण किती वेळ उभं होतं, ते या दोन आकड्यांतून स्वच्छ दिसतं. त्या २६ जणींना पुढच्या आठवड्यात कुणी चिंतेचे प्रश्न विचारले असते आणि त्यांचे गुण जास्त आले असते, तर त्यातून स्त्रीस्वभावाबद्दल काय सिद्ध झालं असतं?

पूर्वपक्ष म्हणेल, हुद्दा तर गणितातून वगळला होता. वगळला होता, पण कोणता हुद्दा? डॉक्टर की परिचारिका, कनिष्ठ की वरिष्ठ, एवढेच ढोबळ वर्ग, आणि तेही अशा देशात जिथे परिचारिका जवळजवळ सगळ्या स्त्रियाच. जे नोंदवलेलं असतं तेवढंच गणित वेगळं काढू शकतं. सलग किती रात्रपाळ्या झाल्या, नोकरी कायम की कंत्राटी, ड्युटी नाकारायची सोय होती का, घरी दोन वर्षांचं मूल होतं का, सासरे ऑक्सिजनवर होते का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. न विचारलेलं सगळं शेवटी एकाच रकान्यात जाऊन साचतं. त्या रकान्याला आपण ‘लिंग’ म्हणतो आणि त्यातून स्वभाव वाचायला लागतो. आणखी एक गोष्ट. त्या १३ अभ्यासांपैकी १२ चीनमधले होते आणि एक सिंगापूरचा. त्यावरून बुंदेलखंडातल्या एएनएमच्या मनाबद्दल बोलायचं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठायचा.

आता मोजपट्टीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. या पाहण्यांत नैराश्य मोजायला बहुतेक वेळा नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं विचारायचं आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण गुण २७. पाचपासून सौम्य लक्षणं धरतात, दहापासून मध्यम. चीनच्या पाहणीतल्या त्या ‘निम्म्या लोकांत’ पाचाच्या पुढचे सगळे आले, हे बातम्यांत क्वचितच सांगितलं गेलं. आता ते प्रश्न कशाबद्दल आहेत ते बघा. एक झोपेबद्दल, एक थकव्याबद्दल, एक भूक कमी-जास्त होण्याबद्दल, एक लक्ष लागत नाही त्याबद्दल. उदासी, रस न वाटणं, स्वतःला कमी लेखणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ होणं आणि जीव नकोसा वाटणं हे उरलेले पाच.

कोविड वॉर्डात रात्रपाळी करणारी परिचारिका डोळ्यांसमोर आणा. मे महिना, झाशीत पारा ४५ अंशांच्या पुढे. पाळी सहा तासांची म्हणतात, पण पीपीई किट चढवायला आणि उतरवायला लागणारा वेळ त्यात धरत नाहीत. आधी हातमोज्यांची एक जोडी, मग गाउन, बुटांवर आवरण, एन-९५ मास्क, गॉगल, टोपी, वर फेसशील्ड, मग हातमोज्यांची दुसरी जोडी. एकदा चढवलं की पाणी नाही आणि लघवीला जाणं नाही, कारण किट उतरवलं की ते गेलं आणि नव्या किटाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून ड्युटीच्या दोन तास आधीपासूनच पाणी बंद. गॉगलवर वाफ धरते, तिच्यातून शीर शोधायची. घाम गाउनमधून खाली बुटात उतरतो. गाउन आणि मास्क ज्या मापांचे येतात ती माणसाच्या सरासरी अंगाची, आणि ही सरासरी बहुधा पुरुषाच्या अंगावरून काढलेली. ठेंगण्या बाईच्या पायात गाउन येतो, नाकाच्या बाजूला मास्क सैल राहतो आणि सैल राहू नये म्हणून करकचून बांधला की नाकाच्या हाडावर जखम होते. पाळीचे दिवस असले तर सहा-सात तास पॅड बदलायची सोय नाही. कुणी मोठ्या माणसांचे डायपर लावले, कुणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. उतरवताना प्रत्येक टप्प्याला हात निर्जंतुक करायचे, मास्क सगळ्यात शेवटी. तो क्षण सगळ्यात धोक्याचा, आणि तो येतो तेव्हा अंगातलं त्राण गेलेलं असतं.

या बाईला नऊ प्रश्न विचारा. झोप जवळजवळ रोज नाही: तीन गुण. थकवा रोज: तीन. जेवणाची वासना निम्म्याहून जास्त दिवस नाही: दोन. लक्ष लागत नाही, तितकेच दिवस: दोन. दहा झाले. उदास वाटतं का, या प्रश्नाला तिनं ‘नाही’ म्हटलं आहे, जीव नकोसा होत नाही, कामावरची निष्ठा जागच्या जागी आहे. तरी तक्त्यात ती मध्यम नैराश्याच्या घरात गेली. निदानाचा काटेकोर नियम असा आहे की पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे रस न वाटणं आणि उदासी यांपैकी, एक तरी हजर हवं. पण पाहणीत सहसा बेरीज धरतात. ज्या कामात झोप, भूक आणि विश्रांती आधी हिरावली जाते, त्या कामातल्या माणसाला ही मोजपट्टी जास्त गुण देणारच. साथीत ते काम कुणाकडे होतं ते वर आलंच आहे. प्रश्नावली निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चाळणी म्हणून ती चांगली आहे. पण चाळणीत अडकलेल्याला रोगी म्हणायचं आणि रोगाचं कारण त्याच्या बाईपणात शोधायचं, ही दोन्ही पावलं पुराव्याशिवाय टाकलेली आहेत.

ड्युटी संपली की दुसरी पाळी. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं साथीच्या अगदी आधी, २०१९ मध्ये, देशातल्या माणसांचा दिवस कसा जातो याची मोठी पाहणी केली होती. दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, पुरुष २६. जे करतात त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास. हा आकडा शाळा चालू असतानाचा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाळणाघरं बंद झाली, धुणीभांडीवाली बंद झाली, आणि घरी परतणाऱ्या नर्सला लेकराला हात लावायच्या आधी आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, वेगळी खोली असली तर वेगळी खोली. नसली तर काय? पुष्कळींनी मुलं माहेरी पाठवली. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईनं काय केलं असेल, ते लिहिताना हात अडखळतो. घरमालकांनी डॉक्टर-नर्सना खोल्या सोडायला लावल्याच्या तक्रारी दिल्लीपासून सगळीकडे होत्या. पुरुष डॉक्टरांनाही यातलं बरंच सोसावं लागलं, पण परतल्यावर चूल त्यांची वाट बघत नव्हती.

शरीरशास्त्राच्या मुद्द्याला आता उत्तर देता येतं. संप्रेरकांचा वाटा मी नाकारत नाही. पण संप्रेरकं २०१९ मध्येही होती. साथीच्या पहिल्या वर्षात जगात नैराश्याचे जे जादा रुग्ण वाढले त्यांचा अंदाज ‘लॅन्सेट’नं २०२१ मध्ये छापला: ५ कोटी ३२ लाख, आणि त्यांतल्या ३ कोटी ५५ लाख स्त्रिया. म्हणजे आधी जे अंतर होतं त्यावर नवं अंतर चढलं. एका वर्षात स्त्रीची जीवरचना बदलली नाही. बदललं ते घर, शाळा, रोजगार आणि घरात कोंडून राहिलेला नवरा. त्या अभ्यासाच्या लेखकांनीही बोट ठेवलं ते याच गोष्टींवर. जी गोष्ट स्थिर आहे तिच्यानं बदलाचं कारण सांगता येत नाही, हा तर्काचा साधा नियम आहे.

आणि पुरुषांचं काय? इथे पूर्वपक्षाची बाजू सगळ्यात लंगडी आहे, आणि त्याची झळ पुरुषांनाच लागली. मे २०२० च्या सुरुवातीपर्यंत जगभर बाधित झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची एक मोजणी झाली होती: बाधितांत ७१.६ टक्के स्त्रिया, मृतांत ७०.८ टक्के पुरुष. लागण झालीच तर मरण्याचा धोका पुरुषाला जास्त होता आणि डॉक्टरांना हे लवकरच कळलं होतं. भीती धोक्याच्या प्रमाणात लिहिली गेली असती तर पुरुषांचे चिंतेचे गुण वर असायला हवे होते. ते खाली आले. यातून पुरुष धीट ठरत नाहीत. भीती लिहून देण्याची मुभा कुणाला किती आहे, एवढंच कळतं.

शिवाय विचारलं काय होतं? चिंता, नैराश्य, झोप. दारू नव्हती, चिडचिड नव्हती, घरातली मारहाण नव्हती, भरधाव गाडी हाकणं नव्हतं. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, त्यात उत्तर प्रदेश होतं. चिंता आणि नैराश्याचे विकार स्त्रियांत जास्त, हे तिथेही दिसलं; पण व्यसनांसह सगळे मनोविकार एकत्र मोजले तेव्हा पुरुषांत १३.९ टक्के आणि स्त्रियांत ७.५ टक्के असं चित्र उलटं झालं. २०२० मध्ये देशात दीड लाखाहून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतले जवळजवळ ७१ टक्के पुरुष. मोजपट्टी बदलली की ‘दुबळं लिंग’ बदलतं. मग दुबळेपणा लिंगात आहे असं कसं म्हणता येईल?

वॉर्डबॉयचा तर फॉर्मशी संबंधच आला नाही. भारतातल्या त्या काळातल्या बऱ्याच पाहण्या व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या इंग्रजी फॉर्मवर झाल्या. ते डॉक्टरांच्या आणि फार तर नर्सेसच्या ग्रुपवर फिरले. स्ट्रेचर ओढणारा, ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून चढवणारा, देह प्लास्टिकमध्ये बांधून गाडीत ठेवणारा आणि स्मशानात नातेवाइकांच्या जागी एकटाच उभा राहणारा माणूस कोणत्याही टक्केवारीत नाही. उत्तर प्रदेशातल्या १०८ आणि १०२ रुग्णवाहिकांचे कर्मचारी जुलै २०२१ मध्ये संपावर गेले तेव्हा बोलणी झाली ती नोकरीची. दोन लाटांत त्यांनी काय काय वाहून नेलं ते कुणी लिहून घेतलं नाही. पुरुष खंबीर आहेत, या समजुतीची किंमत ही.

या समजुतीला एक गोड जोडीदारही आहे, आणि झाशीत तो फार सहज भेटतो. बायका हळव्या, असं म्हणणं ज्यांना पटत नाही ते उलट टोकाला जातात: छे, या तर राणीच्या गावच्या वाघिणी! इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा तोफांच्या मोर्चांवर काम करणाऱ्या आणि दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया दिसल्याचं खुद्द वेढा घालणाऱ्या इंग्रजांच्या सेनापतीनं, ह्यू रोजनं, कळवलं होतं. मला त्याचा अभिमान आहे. पण हा गौरव आजच्या नर्सच्या गळ्यात घालताना जपायला हवं, कारण वाघिणीला रजा मागता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातून वुहानला निघालेल्या परिचारिकांचं मुंडन करतानाचं चित्रण सरकारी माध्यमांनी शौर्य म्हणून दाखवलं. बायकांच्या डोळ्यांतलं पाणी त्यात दिसत होतं आणि चिनी लोकांनीच त्यावर संताप व्यक्त केला. त्याच दिवसांत, वुहान ज्या प्रांतात आहे त्या हुपेईतल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना सॅनिटरी पॅड मिळावेत म्हणून एका तरुणीला समाजमाध्यमांवरून मोहीम चालवावी लागली. आपल्याकडे ३ मे २०२० ला हवाई दलानं रुग्णालयांवर फुलं उधळली. देणाऱ्यांचा भाव खरा होता, घेणाऱ्यांना बरंही वाटलं असेल. पण ‘हळवी’ आणि ‘वाघीण’ या दोन्ही शब्दांत लक्ष असतं ते बाईच्या मनावर. तिचं पाळीपत्रक, तिचा पगार, तिच्या गाउनचं माप यांच्याकडे दोन्ही शब्द बघत नाहीत.

म्हणून उपायही मनावरचेच निघाले. प्राणायामाचे वेबिनार, सकारात्मक विचारांची व्याख्यानं, समुपदेशनाचे हेल्पलाइन क्रमांक. समुपदेशन मला हवंच आहे. ज्याला ते लागतं त्याला वेळेवर मिळालं पाहिजे. पण सलग सातव्या रात्रपाळीहून आलेल्या बाईला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं म्हणजे तिच्या थकव्याची जबाबदारी तिच्याच माथी मारणं.

मन कशानं सावरतं, याचा पुरावा आपल्या हाताशी कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर वर्ष-दोन वर्षांनी कॅनडात एक तुलना झाली: टोरांटोतल्या ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण घेतले तिथले कर्मचारी आणि हॅमिल्टनच्या ज्या रुग्णालयांत ते नव्हते तिथले. टोरांटोकरांचा मानसिक थकवा आणि त्रास इतक्या काळानंतरही जास्त होता. पण ज्यांना प्रशिक्षण, संरक्षण आणि वरिष्ठांचा आधार पुरेसा मिळाला असं वाटत होतं, त्यांना तो कमी होता. या तिन्ही गोष्टी रुग्णालयाच्या प्रशासनाच्या हातात असतात.

आपल्याकडचे झगडे बघितले तर कर्मचाऱ्यांनाही नेमकं हेच कळत होतं. १५ मे २०२० च्या परिपत्रकानं कोविड ड्युटीनंतरचं सरसकट विलगीकरण बंद केलं, म्हणजे वॉर्डातून थेट घरी, लेकरांत. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि १७ जूनला न्यायालयानं पगार वेळेवर द्या, विलगीकरणाची सोय नाकारू नका, असं बजावलं. तिथे कुणी धीर मागितला नव्हता. राहायला वेगळी जागा आणि पगार मागितला होता. आशांना तर पगारच नाही, त्या कागदोपत्री स्वयंसेविका, कामागणिक मोबदला. साथीच्या कामासाठी केंद्रानं महिन्याला हजार रुपये ठरवले. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी १५ जून २०२१ पासून संप केला, तेव्हा कुठे मोबदला हजारानं वाढला आणि पाचशेचा कोविड भत्ता मिळाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताच्या दहा लाख आशांचा सन्मान केला. त्यातल्या एकीला जर त्या दोन वर्षांत रात्री झोप लागत नसेल, तर तिचं कारण शोधायला संप्रेरकांपर्यंत जायची गरज नाही. दारोदार फिरताना शिवीगाळ, कधी अंगावर धावून येणारे लोक (आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २२ एप्रिल २०२० चा अध्यादेश उगाच निघाला नव्हता), हातात साधा मास्क, घरी म्हातारी सासू आणि महिनाअखेरीस किती मिळणार याची खात्री नाही. एवढं पुरे आहे.

एक आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो, त्याला टाळून चालणार नाही. ते म्हणतात, कारण काहीही असो, स्त्रियांत त्रास जास्त आहे हे छापूच नका; उद्या त्याच आधारावर स्त्रियांना आयसीयूच्या नेमणुका नाकारतील. भीती खरी आहे. तरी आकडा लपवणं मला मान्य नाही, कारण त्या आकड्यात त्या बायकांच्या न झालेल्या झोपेची नोंद आहे. तो छापा, पण शेजारी पाळ्या छापा, हुद्दा छापा, घरच्या कामाचे तास छापा, आणि पुरुषांच्या फॉर्मवर दारूचा प्रश्न घाला.

झाशीचं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज १९६८ चं. बुंदेलखंडातले जिल्हे आणि शेजारचा मध्य प्रदेश इथले गंभीर रुग्ण तिथेच येतात, पुढच्या साथीतही तिथेच येतील. तिथे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात साथ येण्याआधी सलग रात्रपाळ्यांवर मर्यादा घाला, चोवीस तास चालणारं पाळणाघर काढा, लहान मापाचे गाउन आणि मास्क साठ्यात ठेवा, आशांच्या पैशाची तारीख ठरवा, वॉर्डबॉयला त्याच्या भाषेत झोप आणि दारूबद्दल विचारणारा माणूस नेमा. मग तेच नऊ प्रश्न सगळ्यांना विचारा आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर किती उरतं ते मोजा. जे उरेल ते शरीरशास्त्राच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही.